बर्फाच्या गावातली आखिती

नंदा,

चैत्र सरता सरता दाजींचा फोन आला. तुझा नवरा फोनवर कसा बोलतो ते मी तुला सांगायला नको. आधी ऊन किती आहे विचारणार, मग कांद्याचं कसं काय विचारणार, मग गप्प बसणार, आणि शेवटी आपणच "बरं मग" म्हणून फोन ठेवायचा. या वेळीही मी "बरं मग" म्हणायच्या बेतात होतो, तेवढ्यात ते म्हणाले, "दादा, तिची सूर्यफुलाच्या बियांची बरणी इथे ओट्यावर आहे. यंदा काय करायचं? तुम्ही सांगाल तसं करतो."

तू जाऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. मी म्हणालो, बघून सांगतो. पंचांग बघून सांगणार की मातीचा विचार करून, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही बोललो नाही. आखिती तोंडावर आली होती. आपलं इतक्या वर्षांचं भांडण त्याच एका दिवसावरून, अक्षय्य तृतीयेवरून, आणि ते अर्धवट टाकून तू निघून गेलीस. आता तुझ्या बाजूनं बोलायला कुणी नाही आणि निकाल मात्र माझ्या हातात. हा कसला न्याय झाला, तूच सांग. जिवंत असतीस तर मी तोंड भरून नाही म्हणालो असतो. तू नसताना नाही म्हणायला जीभ रेटेना, आणि हो म्हणायला माझ्यातला शेतकरी तयार होईना.

सुरुवात आईपासून आहे. आखितीला परसात आळी करायची, दोडका, भोपळा, कारलं लावायचं, हे आपल्याकडं घरोघरी होतं. आईनं त्यात विहिरीच्या वाटेनं सूर्यफुलाची एक ओळ वाढवली. तेल काढायचं नव्हतं, विकायचं नव्हतं. पाण्याला जाता-येता कुणीतरी आपल्याकडं तोंड करून उभं असलेलं बरं वाटतं, असं म्हणायची. पण लावण्याची रीत मात्र अगदी काटेकोर. आदल्या रात्री बी ओल्या फडक्यात बांधून ठेवायचं. संध्याकाळी आळ्याला पाणी द्यायचं. सकाळी मातीवर उघडा तळवा ठेवून बघायचं, आणि हात सुखानं तिथं राहिला तरच बोटाच्या एका पेराएवढं खोल बी टोचायचं, हातभर अंतर सोडून. माती फार तापलेली असेल तर थांबायचं, फार गार असेल तरी थांबायचं. पारनेरच्या माळावर वैशाखात माती गार कधी लागणार? ते अर्धं वाक्य ती उगाच म्हणते असं मला वाटायचं.

आणि फुलं उमलली की सकाळी आपली दोघांची नेमणूक. "जावा, फुलांची तोंडं पुसून या." जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा तळहाताला गुंडाळायचा आणि एका फुलाच्या चेहऱ्यावरून हलकेच फिरवून दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून फिरवायचा, म्हणजे बी भरतं, पोचट राहत नाही. तुझा हात पोचायचा नाही. मी देठ वाकवून धरायचो आणि तू अगदी शाळेत निघालेल्या पोराचं तोंड पुसावं तसं पुसायचीस, कानामागं पुसल्यासारखं पाकळ्यांच्या मागूनही. तिथं पुसून काही होत नाही हे मी तुला किती वेळा सांगितलं. तू ऐकलं नाहीस. ऐकेल ती नंदा कसली.

मग लग्न झालं, तू नगरला गेलीस, आणि दाजींच्या नोकरीपायी तिथून थेट कॅनडात. पहिल्या हिवाळ्यात तू फोनवर नुसती रडायचीस आणि मी थंडी कमी झाली का असं विचारायचो. दुसरं काय विचारणार? भिंतीला कान लावला तरी शेजाऱ्याचा आवाज येत नाही, असं तू म्हणाली होतीस. उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि त्या उजेडाचं करायचं काय ते कळत नाही, हेही तूच म्हणालीस. मग एके दिवशी घराच्या मागं कुंपणाला लागून गवत काढून तू एक पट्टा खणलास, आणि तुझ्या आवाजात जरा जीव आला. मग दर उन्हाळ्यात बरेच दिवस मला त्या पट्ट्याशिवाय दुसरं काही ऐकायला मिळायचं नाही.

पहिल्याच वर्षी तू आखितीला बी लावलंस. तिकडची आखिती आपल्याकडं दिवेलागणीला उजाडते, त्यामुळे आईनं इथं सकाळी लावलेल्या बियांना तोवर दुसरं पाणी बसायची वेळ झालेली. काही दिवसांनी तुझा फोन. "दादा, काईच आलं न्हाई रं. उकरून बघितलं तर समदं कुजलेलं."

"माती गार हुती का?"

"लई."

"मग पेरलं कशाला?"

"आखिती हुती."

मी कपाळावर हात मारला आणि तुला ऐकवलं, की जमिनीला पंचांग वाचता येत नाही. तुला राग आला. तुझा राग नाकावरच असायचा, तिकडच्या थंडीतही तो काही उतरला नाही.

तुझं मला नवल वाटतं ते पुढचं. तू शिकलीस. शेजारच्या बायकांना विचारलंस, पुस्तकं आणलीस, आणि दोन-तीन वर्षांत तिथल्या मातीबद्दल मलाच शिकवायला लागलीस. रात्री दव गोठायचं बंद होईपर्यंत बाहेर काही लावायचं नाही. तिथं मे महिना संपत येतो तेव्हा कुठं ते बंद होतं. घाई असेल त्यानं कागदी पेल्यांत खिडकीपाशी रोपं करावीत, पण सूर्यफुलाचं सोटमूळ सरळ खाली जातं, त्याला धक्का चालत नाही, म्हणून पेला बुडाशी फाडून तसाच्या तसा जमिनीत ठेवावा. त्याआधी काही दिवस रोपांना दुपारी बाहेर ठेवून वाऱ्याची सवय लावावी. ओळ उत्तरेच्या अंगाला घ्यावी, नाहीतर उंच झाडांची सावली भाजीवर पडते. वारा सुटतो म्हणून काठी आधीच रोवावी, नंतर रोवली की मुळं तुटतात. थंड मातीला पाणी देऊ नये, बी कुजतं. खारी बी उकरून खातात म्हणून वरून जाळी. आणि सगळ्यात वर आईचा तळवा. मातीत काटा खुपसून गरमी मोजायची सोय तिथं असते, असं तूच सांगितलंस, पण तू हात ठेवूनच बघायचीस. तुझ्या गल्लीतल्या बायका आपापल्या बागेत वाकून जमिनीवर हात ठेवायला लागल्या, हे दाजींनी मला कौतुकानं सांगितलं होतं. तुझं कौतुक त्यांनी माझ्यापाशी केलं, तुझ्यापाशी कधी केलं की नाही देव जाणे.

हे सगळं कळत असूनही तू आखितीला मूठभर बी बाहेर लावायचीसच. कुठं बर्फ बाजूला सारून, कुठं खुरप्यानं खरवडून. बाकीचं बी महिन्यानं नीट, शहाण्यासारखं. पण मूठभर त्या दिवशी. दर वर्षी ते मरायचं, दर वर्षी मी बोलायचो, दर वर्षी तू चिडायचीस. एकदा मी हात टेकले आणि सरळ विचारलं, की अगं, येत नाही हे तुला ठाऊक आहे, मग कशाला?

तू म्हणालीस, "हितं समदं हितल्या सोईनं करते दादा. दिवाळी शनिवारी, संक्रांत रविवारी, कुणाच्या सुट्टीनं. एक तरी आपल्या दिशी करू दे की."

मला तेव्हाच उमजायला हवं होतं, असं लोक गेलेल्या माणसावरच्या लेखात लिहितात. मला उमजलं होतं. फक्त पटलं नव्हतं. बी वाया घालवणं मला आजही पटत नाही. ज्याच्या पोटात झाड आहे ते मुद्दाम गारठ्यात पुरायचं, याला मी भक्ती म्हणायला तयार नव्हतो, आणि तू ते माझ्याकडून म्हणवून घ्यायचं सोडत नव्हतीस.

एका वर्षी तर तुझं खरं होतंय असं वाटलं. तिकडं उन्हाळा लवकर आला आणि तुझ्या आखितीच्या मुठीतले चार-पाच कोंब वर आले. तू व्हिडिओ कॉल करून मला ते एकेक करून दाखवलेस. माझ्या बायकोला, तुझ्या वहिनीला, बोलावून दाखवलेस. मी म्हणालो, थांब, अजून घाई करू नको. तर तू म्हणालीस, हरलो म्हण. पुढच्या आठवड्यात एका रात्रीत बर्फ पडला आणि सकाळी सगळे कोंब काळे. तू फोन केलास आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सांगितलं हुतं." त्यानंतर बरेच दिवस तुझा फोन नाही. इकडं माझा जीव वर-खाली. शेवटी भाद्रपदात एक फोटो आला: दाजी हात वर करून उभे, आणि त्यांच्या हाताच्याही वर हातभर सूर्यफूल. खाली तू लिहिलं होतंस, हे नंतर लावलेलं. तेवढ्या तीन शब्दांत आपला समेट झाला.

तुझ्या बाजूचंही एक भांडण होतं, ते टाळलं तर तू वरून ओरडशील. आई गेल्यावर मी परस मोडलं आणि तिथं कांदा साठवायची चाळ बांधली. तू आलीस तेव्हा चाळीसमोर उभी राहिलीस आणि दुपारचं जेवली नाहीस. मी तुला समजावत होतो, की वैशाखात प्यायचं पाणी टँकरनं येतं, आळ्याला कुठून घालू? आणि चाळ काय डोक्यावर बांधू? तू म्हणालीस, मी बर्फात दिवस पाळते आणि तुला आईच्या जागेत पाळता येईना. बोलून झाल्यावर तूच स्वयंपाकघरात गेलीस, कढी केलीस आणि मला आधी वाढलीस. त्या कढीबद्दल मी तुझा आभारी आहे. चाळ मात्र मी हलवली नसती, आजही हलवणार नाही. चुकलो असं मला वाटत नाही आणि तुला वाईट वाटलं याचं मला फार वाईट वाटतं. ही दोन्ही एका माणसात राहतात, हे मला तुला सांगायचं राहून गेलं.

यंदाच्या हिवाळ्यात तुझे फोन कमी झाले. खोकला आहे म्हणालीस. मग औषधं चालू आहेत म्हणालीस. कसली औषधं ते मी विचारलं, तर तू मला माझ्या गुडघ्याचं विचारलंस. सगळं ठाऊक होतं तुला, दाजींनाही ठाऊक होतं, तुमच्या लेकीलाही. मलाच नाही. दादाला सांगू नका, तो उगाच धडपडत येईल आणि थंडीनं आजारी पडेल, असं तू त्यांना बजावलं होतंस म्हणे. मी तुझ्यावर फार रागावलो आहे, नंदा. एवढ्या वर्षांत तू माझं एकही ऐकलं नाहीस आणि जाताना मलाही काही बोलू दिलं नाहीस. आलो असतो गं. काय व्हायचं ते झालं असतं, पण आलो असतो.

शेवटचा फोन तुझाच होता. आवाज खोल गेलेला. मी म्हटलं, आराम कर, बागेचं बघू पुढं. तू म्हणालीस, बी निवडून ठेवलंय, यंदा जरा जास्त लावणार. मी सवयीनं म्हणालो, मातीवर हात ठेवून बघ आधी. तू हसलीस. तो हसण्याचा आवाज होता की खोकल्याचा, हे मला अजून ठरवता येत नाही.

मग तुझं शेवटचं सगळं मोबाईलवरच बघितलं. वहिनीनं फोन डब्याला टेकवून ठेवला होता आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसून होतो. तिकडं खिडकीबाहेर सगळं पांढरं. तुला ज्या कोटात ठेवलं होतं तो मी कधी पाहिला नव्हता. माझी बहीण तिथं नाही, कुणीतरी दुसरीच बाई आहे, असं मला सारखं वाटत होतं. मग दाजींनी तुझे केस कपाळावरून मागं सारले, तेव्हा तुझं कपाळ दिसलं, आईचं, आणि मी उठून बाहेर गेलो.

काल आखिती झाली. सकाळी आपल्या घरी मातीची कोरी घागर भरली. वर खरबूज ठेवलं, आमरस-पोळीचं पान ठेवलं, आई-आबांची नावं घेऊन पाणी सोडलं. तुझं नाव तोंडाशी आलं तशी वहिनीनं माझ्याकडं बघितलं. हळूच म्हणाली, "वन्संचं पानी आपल्या घरात न्हाई भरायचं. ते त्यांच्या सासरी." खरं होतं. दिलेल्या लेकीचं पाणी माहेरी भरत नाहीत. म्हणून मी नेवाशाला, तुझ्या सासरच्या मूळ घरी, थोरल्या दिरांना फोन लावला. बिचारा भला माणूस, समजावून सांगितलं त्यांनी: त्यांच्यात वर्ष सरल्याशिवाय घागरीवर नाव घेत नाहीत, पुढच्या वर्षी घेऊ. म्हणजे इथं रीत आड आली आणि तिथंही रीतच. आखितीसाठी जन्मभर भांडलेली तू, आणि आखितीला तुझ्या नावाचं चूळभर पाणी कुठंच नाही. दुपारी पान माझ्यापुढं आलं, आमरस होता, तो तसाच ठेवून मी उठलो. वहिनीही तशीच उठली.

दिवेलागणीला दाजींनी व्हिडिओ कॉल केला. तिकडं सकाळ झाली होती. जाड कोट घालून ते मागच्या अंगणात उभे होते, एका हातात बरणी, दुसऱ्या हातात आईचं खुरपं, जे तू इथून कपड्यांत गुंडाळून नेलं होतंस. कुंपणाच्या कडेला बर्फाची रेघ अजून होती. तुझा पट्टा मात्र उघडा पडला होता आणि गेल्या साली लावलेल्या फुलांचे वाळके दांडे तसेच उभे होते. त्यांनी ते उपटले नव्हते. मला ते बघवेना.

"दादा, तुम्ही कळवतो म्हणाला होता," ते म्हणाले. "आज तो दिवस आहे ना? काल रात्री पुन्हा गोठलं होतं. मी हात ठेवून बघितला. ठेववत नाही."

मी तोंड उघडलं आणि सगळं नीट सांगितलं. तुझंच तुझ्या माणसाला सांगितलं. मे सरत येईपर्यंत थांबा, रात्री गोठायचं बंद होऊ द्या, बी भिजवून घ्या, पेरभर खोल, हातभर अंतर, काठी आधी, जाळी वर, आणि हात सुखानं मातीवर राहिला तरच. फुलं आली की सकाळी तोंडं पुसायची, पाकळ्यांच्या मागूनही. दाजी मान हलवत होते. सगळं ऐकून घेतलं आणि बरणीचं झाकण पुन्हा लावायला लागले.

"दाजी," मी म्हणालो, "मूठभर आज लावा."

ते थांबले. "उगवेल?"

"न्हाई."

दाजींनी फोन कुंपणाच्या फळीला टेकवून ठेवला आणि गुडघे टेकून खाली बसले. त्या माणसानं आयुष्यात खुरपं धरलं नसेल. माती दगडासारखी, खुरपं नुसतं सरकत होतं. तरी खरवडत राहिले. जेवढं गेलं तेवढं खोल केलं, बी टाकलं, आणि वरून दोन्ही हातांनी माती दाबली. बराच वेळ हात तसेच ठेवले. मग उठून नळाखालचं भांडं भरून आणलं आणि एकदम दचकल्यासारखे उभे राहिले.

"थंड मातीला पाणी द्यायचं नसतं ना? ती मला नेहमी ओरडायची."

माझ्यामागं वहिनी येऊन उभी राहिली होती. तिनं पदर डोक्यावर घेतला.

"घाला," मी म्हणालो. "तिचं नाव घ्या आन् घाला."

दाजींनी नाव घेतलं. एवढ्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून ते पहिल्यांदा ऐकलं. पाणी त्या कडक जमिनीत लगेच मुरेना, वरच्या वरच साचून राहिलं. ते त्याच्याकडं बघत उभे होते, इकडं आम्ही दोघं बघत होतो, आणि सगळं मुरेपर्यंत कुणीही फोन ठेवला नाही.